काकू आणि उन्हावरचा फ्रीज

आमच्या कार्यालयात एकशे चाळीस माणसं काम करतात, असं हजेरीपट पाहून म्हणता येतं. ती सगळीच्या सगळी एकाच वेळी सापडण्याची जागा एकच, ती म्हणजे दुपारी एक वाजता तळमजल्यावरचं कॅन्टीन. ते कॅन्टीन गेली एकोणीस वर्षं काकू चालवतात. काकूंचं खरं नाव कंत्राटावर असेल, पण ते मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमचे साहेबसुद्धा त्यांना काकूच म्हणतात, आणि साहेब त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत.

काकू ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, म्हणून चपला नेहमी एक माप मोठ्या. स्वयंपाकघरात दोन शेगड्या, एक लांब ओटा, मागच्या गल्लीत उघडणारी एक खिडकी आणि माणसाएवढ्या उंचीचा स्टीलचा फ्रीज. मदतीला सख्खी नणंद. ही नणंद भाजी चिरता चिरता भावजयीच्या प्रत्येक कामात खोट काढते आणि भावजय ते कानाआड करते. दोघींचं सकाळी सातला जे वाजायला लागतं ते दुपारी चारला भांडी घासून झाल्यावरच थांबतं. पण बाहेरच्या कुणी काकूंना एक शब्द बोलून बघावं, नणंदबाई विळी सोडून उठतात.

पर्यावरण वगैरे शब्द आमच्या कार्यालयात यायच्या आधीपासून काकू भातावर झाकण ठेवून शेगडी पाच मिनिटं आधी बंद करायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना जायचं, भाजीची देठं मागच्या गल्लीतल्या शेळ्यांना. बाजारहाट रोज सकाळी पायी, दोन पिशव्या घेऊन, त्या दिवसाला लागेल तेवढाच. ताटात कुणी भात टाकला तर दुसऱ्या दिवशी त्याला न विचारता कमी वाढायच्या. आम्ही याला चिकटपणा म्हणायचो. मग वरून परिपत्रक आलं आणि आम्हाला कळलं की याला हरित जीवनशैली म्हणतात. मात्र काकूंच्या कामाला कुठला नमुना-फॉर्म नव्हता, त्यामुळे ते जमेस धरता आलं नाही.

परिपत्रकाबरोबर हरित समिती आली. समितीचा सचिव मी झालो. त्या बैठकीला मी गैरहजर होतो, आणि आमच्याकडे गैरहजर माणसाला पद देण्याची जुनी पद्धत आहे. तेव्हापासून सगळे मला ‘सचिव’ म्हणून हाक मारतात. सुरुवातीला मला ते टोचायचं. नंतर आवडायला लागलं, हे कबूल केलेलं बरं.

पहिलं काम गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचं झालं. चांगली चाळीस पॅनेल बसली. काकूंना ती फार आवडली. ‘ऊन फुकट वाया जात होतं इतकी वर्षं,’ असं म्हणून त्या मुद्दाम तीन जिने चढून बघून आल्या आणि पॅनेलच्या सावलीत ओली फडकी वाळत घालता येतील का, असं विचारून घेतलं. वीज साठवायच्या बॅटऱ्या मात्र ‘पुढच्या टप्प्यात’ गेल्या. पुढचा टप्पा ही आमच्याकडची एक प्रशस्त जागा आहे, तिथे गेलेलं काही परत येत नाही. पण तोवर साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं की आमचं कॅन्टीन शंभर टक्के उन्हावर चालतं. आता जाहीर केलेलं खरं करणं भाग होतं. म्हणून कॅन्टीनला बाहेरची वीज घेण्याचा जो खटका होता, तो एका पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. किल्ली सचिवाकडे. ऊन असेल तेव्हा फ्रीज चालेल, मावळलं की फ्रीजही मावळेल.

‘रात्री फ्रीज उघडतं कोण?’ साहेब बैठकीत म्हणाले. ‘दार बंद राहिलं की थंडी आतच राहते. साधी गोष्ट आहे.’

साहेबांच्या घरचा फ्रीज रात्री बंद असतो का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. काकूंना बैठकीत चहा द्यायला बोलावलं होतं. त्या कप ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘आणि ढग आले तर?’

मी ते इतिवृत्तात लिहिलं. ‘ढगांचा मुद्दा पुढील बैठकीत घेण्याचे ठरले.’

काकूंनी पुढील बैठकीची वाट बघितली नाही. त्यांनी दिवसा ऊन असताना पाण्याच्या बाटल्या वरच्या कप्प्यात गोठवायच्या आणि संध्याकाळी त्या खालच्या कप्प्यांत दूध-भाजीच्या मध्ये लावून ठेवायच्या, असं सुरू केलं. बर्फाच्या जिवावर फ्रीज सकाळपर्यंत बऱ्यापैकी थंड राहायचा. बॅटरीचं काम बाटली करत होती. पण त्या बाटल्या प्लास्टिकच्या निघाल्या, आणि कार्यालयात प्लास्टिकला बंदी होती. मी स्वतः जाऊन जप्त केल्या, सतरा नग. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरचे स्टीलचे डबे आणले. स्टीलवर आमच्याकडे काही परिपत्रक नव्हतं.

मग आला शून्य कचरा. कॅन्टीनच्या दारात एक मोठा डबा वजनकाट्यावर ठेवला आणि त्याचा आकडा सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर लावला. ज्या दिवशी आकडा वाढेल त्या दिवशी साहेबांचा चेहरा उतरायचा. त्यामुळे माणसांनी उष्टं कमी टाकावं अशी अपेक्षा होती. माणसांनी उष्टं डब्यात टाकणं कमी केलं. कुणी कागदात गुंडाळून घरी न्यायला लागलं, कुणी कुंडीत पुरायला लागलं. माझ्या शेजारच्या टेबलावरचे लेखनिक हाडं खालच्या खणात ठेवायचे, ‘संध्याकाळी नेतो’ म्हणायचे आणि विसरायचे. महिन्याभरात भिंतीवरचा आकडा शून्याजवळ आला आणि खणाखणांत उंदीर झाले. उंदरांच्या औषधाचा खर्च वेगळ्या खात्यातून गेला, त्यामुळे आमच्या यशाला गालबोट लागलं नाही.

अन्नसुरक्षेची नोंदवही हेही माझंच काम. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, दोनदा फ्रीजचं तापमान लिहायचं. पहिले चार दिवस मी इमानाने खाली जाऊन काटा वाचला. चार अंश, पाच अंश, चार अंश, आणि चौथ्या सकाळी अकरा. अकरा लिहिल्याबरोबर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, ‘अकरा का?’ फ्रीजला नाही विचारलं, मला विचारलं. तेव्हापासून मी महिन्याच्या एक तारखेलाच बसून महिन्याभराचे चार लिहून टाकायला लागलो. सगळीकडे चार बरं दिसत नाही म्हणून मधूनमधून साडेतीन. इतकी सुंदर वही दुसऱ्या कुठल्या कार्यालयात नसेल.

शेवटचा घाला बाजारावर पडला. रोज बाजार म्हणजे रोजची फेरी, फेरी म्हणजे धूर, म्हणून आठवड्यातून एकदाच गाडीने सगळं आणायचं ठरलं. काकू इतकी वर्षं पायी जात होत्या आणि चालण्याने धूर होत नाही, हे मला ठराव टाइप करताना सुचलं होतं. पण टाइप करून झालं होतं.

अशा तऱ्हेने आम्ही ‘हरित कार्यालय’ पुरस्कारासाठी तयार झालो. परीक्षक सोमवारी येणार होते. ते वीज बघणार, डबा बघणार, वही बघणार आणि आमच्याबरोबर जेवणार होते. शनिवारी सकाळी गाडी पंचवीस किलो चिकन आणि वीस लिटर दूध टाकून गेली. शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं.

काकू माझ्या टेबलाशी आल्या. त्या सहसा वर येत नाहीत, जिना त्रास देतो.

‘भाऊ, किल्ली द्या,’ त्या म्हणाल्या. ‘ऊन नाही. माझे डबे अर्धेसुद्धा गोठले नाहीत. उद्याही असंच राहणार. दोन दिवस बाहेरची वीज घेऊ, सोमवारी सकाळी तुम्ही या आणि परत कुलूप लावा.’

‘काकू, मीटरवर युनिट दिसतील.’

‘दिसू देत.’

‘परीक्षक मीटर बघणार आहेत. सहा महिने शून्य आहे तिथे.’

‘आणि एकशे चाळीस माणसं सोमवारी माझ्याकडे जेवणार आहेत.’

मी म्हणालो, समितीचा ठराव लागेल. समितीचे चार सदस्य घरी गेले होते, पाचवा मी. काकू म्हणाल्या, ‘तुम्ही खाली येऊन हात तरी घालून बघा फ्रीजमध्ये.’ मी म्हणालो, सोमवारी बघू. किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. हात वर न्यायला किती वेळ लागतो? पण मला पुरस्काराची ढाल आत्ताच भिंतीवर लागलेली दिसत होती, आणि ढालीवर कोरलेलं सचिवाचं नाव.

रविवारी दिवसभर सूर्य दिसला नाही. मी घरी खिडकीतून तीनदा आभाळ बघितलं. बायकोने विचारलं, कपडे वाळत घालायचेत का. मी नाही म्हणालो.

सोमवारी सव्वासातला मी पोहोचलो तेव्हा फ्रीजची दोन्ही दारं उघडी होती आणि नणंदबाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या. आतला काटा एकोणीसवर होता. दूध फाटलं होतं. चिकन हाताला बुळबुळीत लागत होतं. वास होता, पण अगदी असह्य म्हणावा असा नव्हता, आणि त्या थोड्याशा वासाच्या जोरावर मला आशा वाटली.

‘काकू, चांगलं खळखळून उकळलं तर? उकळलं की सगळं मरतं.’

‘जंतू मरतात. त्यांनी दोन दिवस जे करून ठेवलंय ते उकळून जात नाही.’

एवढ्यात साहेब आले. त्यांनी लांबूनच बघितलं आणि तोडगा काढला. ‘तिखट जरा सढळ हाताने घाला. परीक्षकांना काय कळतंय.’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘काकू, पंचेचाळीस किलो त्या डब्यात गेलं तर आकडा किती होईल? तुमचं कंत्राट एक तारखेला संपतंय, लक्षात आहे ना?’

म्हणजे हे असं होतं. टाकलं तर काकूंची भाकरी जाणार, शिजवलं तर कुणाचं काय जाईल सांगता येत नव्हतं. साहेब घड्याळ बघत वर गेले. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर घुटमळलो. वर जावं की खाली राहावं ते कळेना, म्हणून नणंदबाईंपाशी जाऊन उगाच म्हणालो, ‘काकू जरा जास्तच करतात, नाही?’

नणंदबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विळीपासून एक पाऊल मागे सरलो.

‘आमची वहिनी आधी मुलींच्या वसतिगृहात होती,’ त्या म्हणाल्या. ‘रात्रीचा भात सकाळी गरम करून वाढायला सांगितला. ही म्हणाली होती, नको. तिथला व्यवस्थापक म्हणाला, चालतंय. ही गप्प बसली. एकतीस पोरी दवाखान्यात गेल्या. वाचल्या सगळ्या, पण एका पोरीची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली. शिव्या नाही, काही नाही. नुसतं विचारायची, बाई, तुम्हाला माहीत होतं का? ही काय सांगणार? त्या दिवसापासून वहिनी गप्प बसत नाही. घरातसुद्धा बसत नाही, आम्ही भोगतोय.’

काकूंनी तोवर पहिलं घमेलं उचललं होतं. नणंद-भावजयीने मिळून सगळं चिकन आणि सगळं दूध त्या डब्यात नेऊन ओतलं. भिंतीवरचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत शून्य पूर्णांक तीनवरून चढत चढत पंचेचाळीसच्या वर गेला. मग काकूंनी आत जाऊन चुन्याचा डबा आणला आणि वरून चुना ओतला.

‘हे कशाला?’ मी विचारलं.

‘कुणी खणात ठेवायला नेऊ नये म्हणून.’

परीक्षक साडेअकराला आले. पॅनेल बघून खूश झाले, मीटर बघून खूश झाले, माझी वही बघून तर त्यांतल्या एकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितली. मग ते जेवायला खाली आले आणि भिंतीसमोर थांबले. साहेबांनी त्यांना पटकन आत नेलं. जेवायला काकूंनी शेजारच्या दुकानातून आणलेले बटाटे उकडले होते, भात होता, भाज्यांचं सूप होतं. परीक्षकांनी दोनदा सूप घेतलं. ढाल दुसऱ्या कार्यालयाला गेली. आम्हाला उत्तेजनार्थ एक प्रमाणपत्र मिळालं, पातळ कागदावर.

गुरुवारी चौकशी बसली. चौकशीला साहेब, दोन विभागप्रमुख आणि टिपण घ्यायला मी. काकूंना खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या.

‘अन्न खराब होतं याला पुरावा काय?’ साहेबांनी विचारलं.

‘मी बघितलं. वास घेतला. काटा एकोणीसवर होता.’

‘त्या दिवशी कुणी आजारी पडलं?’

‘नाही.’

‘एकसुद्धा?’

‘अहो, मी वाढलंच नाही तर पडतील कसे?’

‘म्हणजे,’ एक विभागप्रमुख बोटं जुळवत म्हणाले, ‘अन्न खराब होतं असं सिद्ध होत नाही. पंचेचाळीस किलो चांगलं अन्न वाया गेलं, असं सिद्ध होतं.’

साहेबांनी माझी वही उघडून टेबलावर ठेवली. शनिवार पाच वाजता, चार अंश. रविवार आठ वाजता, चार. रविवार पाच वाजता, साडेतीन. सोमवार आठ वाजता, चार. काकूंनी दोरीचा चष्मा डोळ्यावर चढवला आणि वाकून वाचलं.

‘रविवारी कार्यालयाला कुलूप असतं,’ त्या म्हणाल्या. ‘काटा कुणी वाचला?’

‘नोंद आहे म्हणजे कुणीतरी वाचलाच असणार,’ साहेब म्हणाले.

काकूंनी पान उलटलं. पुढच्या पानावर उद्याचा शुक्रवार होता, चार अंश. परवाचा शनिवार होता, चार. महिनाअखेरीपर्यंत सगळं थंडगार होतं. त्यांनी ते पान बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. आता त्या बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी वही मिटली आणि साहेबांच्या पुढ्यात सरकवली. आणि मी, एकोणीस वर्षं त्यांच्या हातचं खाणारा, मूग गिळून टिपण घेत राहिलो. त्या टिपणात मी माझं मौन लिहिलं नाही, तसा रकाना नव्हता अशी सबबही माझ्यापाशी होती. मला माझी लाज वाटली.

निर्णय असा झाला, की काकूंनी निष्काळजीपणाबद्दल लेखी माफीनामा द्यायचा. दिला तर कंत्राट पुढे चालू, नाही तर एक तारखेला आवराआवर. मुदत चार दिवस.

काकूंनी कागद दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि जिना उतरून गेल्या. एका वहीचं फाडलेलं पान, मोठं गोल अक्षर. मी वाचलं.

‘सोमवारी मी चिकन आणि दूध टाकलं. ते खराब झालं होतं. पुन्हा तसं झालं तर पुन्हा टाकीन. फ्रीज बंद होता म्हणून ते खराब झालं. बाहेरची वीज चालू करायची किल्ली मी शनिवारी मागितली होती, मिळाली नाही. ज्यांनी दिली नाही त्यांचं नाव मला माहीत आहे. नोंदवही कोण भरतं तेही माहीत आहे. पण त्यांना रोज माझ्याकडेच जेवायला यायचं असतं आणि घास घशाखाली उतरायला हवा, म्हणून नाव लिहीत नाही.’

खाली सही. माफीचा शब्द कुठेही नव्हता.

मी तो कागद किती वेळ हातात धरून बसलो होतो, माहीत नाही. शेजारचे लेखनिक ‘काय सचिव, प्रेमपत्र का?’ म्हणाले तेव्हा भानावर आलो. मग पेन काढलं आणि काकूंच्या सहीखाली लिहिलं, ‘किल्ली मी दिली नाही. वही मी भरतो, महिन्याच्या एक तारखेला.’ पुढे माझं पूर्ण नाव, पद, सही. फाइल शिपायाबरोबर वर पाठवली आणि ड्रॉवर आवरायला घेतला. निलंबन झालं तर निदान सामान गोळा केलेलं असावं.

अकरा वाजता फाइल परत आली. आत साहेबांचा शेरा होता. ‘पाहिले. खुलासा समाधानकारक. दोघांच्या सह्या असल्याने प्रकरण बंद करण्यात यावे.’

साहेबांनी सह्या मोजल्या होत्या. मी तो शेरा तीनदा वाचला. मी वाचलो होतो, काकूही वाचल्या होत्या, कंत्राट चालू राहणार होतं. खरं म्हणजे मी पेढे वाटायला हवे होते. पण मला रडू येईल असं वाटायला लागलं. आयुष्यात एकदा खरं लिहिलं, तर ते वाचणारा माणूस मिळू नये?

कागदावर जमणार नव्हतं, हे उघड होतं. त्या दिवशी शुक्रवार. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सचिवाने उभं राहून एक मिनिट हरित विचार मांडायचा, असा समितीचा दंडक आहे. मी एक वाजता कॅन्टीनच्या मध्यभागी खुर्चीवर चढलो. एकशे चाळीस माणसं जेवत होती. साहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी होते.

‘मित्रहो,’ मी म्हणालो, ‘सूर्य मावळला की तुमचा फ्रीज बंद पडतो. चालू करायची किल्ली माझ्याकडे आहे. शनिवारी काकूंनी ती मागितली, मी दिली नाही, कारण मला ढाल हवी होती. नोंदवहीतले सगळे आकडे मी बसल्या जागी लिहिलेत. तुम्ही आज इथे धडधाकट बसून जेवताय ते काकूंनी पंचेचाळीस किलो अन्न फेकून दिलं म्हणून. चौकशीत मी गप्प बसलो. चूक माझी होती.’

टाळ्या पडल्या. जोरदार पडल्या. दर शुक्रवारी पडतात तशाच. साहेबांनीही डावा हात टेबलावर आपटून दाद दिली, उजव्या हातात घास होता. मागून कुणीतरी ‘वा, सचिव!’ म्हणालं. मी खुर्चीवर तसाच उभा राहिलो.

सगळ्या खोलीत एकच माणूस जेवायचा थांबला होता, आमचा वायरमन. त्याने ताट बाजूला सारलं, माझ्याजवळ आला आणि हात पुढे केला. ‘किल्ली,’ एवढंच म्हणाला. मी दिली. तो जिन्याखालच्या पेटीकडे गेला. जरा वेळाने स्वयंपाकघरात फ्रीज घरघरायला लागला. बाहेर ढगाळच होतं. समितीचा ठराव अजून झालेला नाही, आणि मी तो टाइप करणार नाही.

खुर्चीवरून उतरून मी रांगेत शेवटी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा काकूंनी भात वाढला, रस्सा वाढला. पळी भांड्यात परत ठेवली नाही, हातातच धरली.

‘एकोणीस वर्षं,’ त्या म्हणाल्या, ‘मी पुढ्यात जे ठेवते ते तुम्ही खाता. त्यात काय आहे, कधीचं आहे, एकदा तरी विचारलंत?’

‘नाही, काकू.’

‘इतका विश्वास होता. मग शनिवारी मी तोंडाने सांगितलं तेव्हा तो कुठे गेला होता?’

मागे रांगेत आता कुणी नव्हतं, त्यामुळे पुढे सरकायचीही सोय नव्हती. काकू पळी धरून उत्तराची वाट बघत राहिल्या, आणि मी भरलेलं ताट घेऊन त्यांच्यासमोर उभा होतो.